ओळी मोडलेलं गद्य

बाई, सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली. पतसंस्थेत कारकून आहे आणि कथा लिहिते. दोन कथा दिवाळी अंकांत आल्यात. गेलं वर्षभर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बेळगावात एका लेखन कार्यशाळेला जाते. आम्ही अकराजण. आठजण कवी, तिघं गद्यवाले. माझी कथा वाचून झाली की सगळे भरभरून बोलतात. कविता वाचली की माझं तोंड बंद. 'छान आहे' एवढंच येतं. खरं सांगायचं तर मला कविता कळत नाही, आणि कळली तरी 'मग?' असं वाटतं. दोन महिन्यांमागं वडगावच्या एका सभासदानं ही कविता वाचली. त्याला विचारूनच पाठवतेय:

माग बंद पडला
तेव्हा
घरात
घड्याळ असल्याचं कळलं

सगळे 'वा' म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, 'हे तर ओळी मोडलेलं गद्य आहे. एका वाक्याला चार ओळी कशाला?' तो हसला, पण तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. गेल्या वेळी माझ्या कथेवर एक शब्द बोलला नाही. आता पुढच्या बैठकीत कवितांवर पहिल्यांदा बोलायची पाळी माझी आहे. जाऊ की नको? समजल्याचं नाटक करू का? की कथा लिहिणाऱ्याला कविता आवडलीच पाहिजे असं काही आहे? सोबत माझी एक कथा जोडलीय, म्हणजे मी कशी लिहिते ते कळेल. पोर समजून सांगा.

गद्यातली एक

*

पोर समजून सांगा म्हणालीस, म्हणून तू म्हणते.

बैठकीला जा. नाटक मात्र करू नकोस. कवी लोकांना 'छान आहे'चे सगळे सूर ओळखू येतात, निम्मं आयुष्य ते ऐकण्यात गेलेलं असतं त्यांचं. आणि आवडलीच पाहिजे असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. मला कारल्याची भाजी आवडायला पन्नाशी उलटावी लागली, दोडका अजून आवडत नाही. पण दोडका मी खाऊन बघितलाय. तू कविता तोंडात न घेताच ताटाच्या कडेला सारतेस, असं तुझं पत्र वाचून वाटलं.

यात दोष तुझ्या एकटीचा नाही. निम्मा माझ्यासारख्यांचा. एकतीस वर्षं मी मराठी शाळेत मराठी शिकवलं. माझ्या वर्गात कविता म्हणजे तीन गोष्टी असायच्या: पाठांतर, अलंकार ओळखा आणि 'कवीला काय म्हणायचे आहे?' एकदा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, 'बाई, त्येला म्हणायचं त्ये त्येनं म्हटलंय की.' वर्ग हसला. मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं. निवृत्त झाल्यावर एकदा मेथी निवडत बसले असताना एकदम डोक्यात आलं की त्या अख्ख्या वर्षात कवितेबद्दल माझ्या वर्गात बोललं गेलेलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं, आणि त्याला मी शिक्षा केली होती. कवितेच्या पोटात एक अर्थ दडवून ठेवलेला असतो आणि हुशार मुलांनाच तो सापडतो, ही समजूत आम्ही पसरवली. म्हणून शिकलीसवरलेली माणसंसुद्धा कविता समोर आली की परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखी घामेजतात.

'कळत नाही' हे तुझं म्हणणं त्या हॉलमधलं आहे. त्याकडं मी फार लक्ष देणार नाही. 'मग?' मात्र तुझं स्वतःचं आहे, आणि ते मला आवडलं.

'मग?' हा कथाकाराचा प्रश्न. मग राजा काय म्हणाला, मग सून कुठं गेली, मग पैसे कुणी घेतले. कथेचं जातं या शब्दावर फिरतं. आता तू हाच प्रश्न कवितेला विचारतेस आणि ती गप्प बसते. पुढं काही घडवायला ती आलेलीच नसते. ती एका जागी थांबून, तू जिथून भराभर निघून गेलीस तिथं बोट ठेवते.

जात्याचा विषय निघालाच आहे तर माझ्या आजीचं सांगते. तिचं माहेर तुझ्याच तालुक्यातलं, आणि दिलं बैलहोंगलकडं. म्हणजे तांबड्या मातीतून, भातातून आणि मुसळधार पावसातून उचलून काळ्या रानात, जोंधळ्यात नेऊन ठेवली. आजूबाजूला सगळं कन्नड. शेजारची बाई आणि ती एकाच जात्यावर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात. शेजारीण बीसुकल्लिन पद म्हणायची, कन्नडातलं जात्यावरचं गाणं, आणि तिचं संपलं की आजी आपली ओवी लावायची. दगड एक, भाषा दोन, पीठ एकच. आजीची एक ओवी माझ्या कानात राहिलीय:

तांबड्या मातीची गं वाट खानापूरची
बंधूच्या पायांवर खूण माझ्या म्हायेरची

आता हे तू कथेत कसं लिहिलं असतंस? मीच लिहून बघते. 'सकाळी भाऊ आला. तिने दारात पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने चपला काढल्या तेव्हा तिला दिसले की त्याच्या पायांना तांबडी माती लागली आहे. इकडची माती काळी. ती माती पाहून तिला माहेरची आठवण झाली आणि तिचे डोळे भरून आले.' वाईट नाही. दिवाळी अंकाचे संपादक चालवून घेतील.

पण ओवीत काय होतं आणि या पाच वाक्यांत काय सांडलं ते मोज. पहिलं म्हणजे ओवीत एकही क्रियापद नाही. आला नाही, दिसलं नाही, आठवलं नाही. कुणी काही करतच नाही. वाट आहे, माती आहे, पाय आहेत, खूण आहे. आजीची नजर वर भावाच्या तोंडाकडं गेलेलीच नाही, पायांवरच थांबलीय. दुसरं, रडणं नाही. आजी रडली असेल, पण रडणं ओवीत घालायची गरज तिला वाटली नाही, आणि ऐकणाऱ्या बायकांनाही ती लागत नव्हती. तिसरी गोष्ट मला कळायला साठी यावी लागली. तुमच्या बाजूला पावसाळ्यात गुडघाभर चिखल, अंगणात ती माती आली की बायका करवादतात. तोच चिखल काळ्या रानात पोचला की 'खूण' होतो. माती तीच, जागा बदलली. हे मी आता चार वाक्यांत समजावलं, आणि समजावताना त्यातली निम्मी गंमत घालवली. आजीनं दोन ओळींत सांगून पुढची मूठ जात्यात टाकली.

हाच माझा खरा सल्ला, आणि तो फक्त गद्यवाल्यांच्या कामाचा आहे. कविता आवडून घ्यायचा प्रयत्न करू नकोस. ती गद्यात लिहून काढ. तुला जमेल तेवढं उत्तम गद्य कर, कंजुषी करू नकोस. मग दोन्ही शेजारी ठेव आणि काय सांडलं ते बघ. जे सांडलं तेवढ्यासाठी त्या माणसानं कविता लिहिलेली असते. आणि काहीच सांडलं नाही, तुझं गद्य मूळ कवितेइतकंच किंवा जास्त बोललं, तर तुला शंका होती ती बरोबर होती. हत्यार तुझ्याकडं आधीपासून आहे, ते बाहेर चपलांजवळ ठेवून बैठकीत जायचं कारण नाही.

आता वडगावच्या कवितेला हेच लावू. गद्य करणं सोपं आहे, तू म्हणतेस तसं ते एकच वाक्य आहे: माग बंद पडला तेव्हा घरात घड्याळ असल्याचं कळलं. मोठ्यानं वाच. एका दमात संपतं आणि थोडं विनोदी वाटतं, 'अरेच्चा, आपल्याकडं घड्याळ पण आहे की!' असं. आता चार ओळींत वाच, आणि प्रत्येक ओळीपाशी खरंच थांब. माग बंद पडला. पुढं कोरा कागद. कानातली खटखट जायला वेळ लागतो ना, तेवढा वेळ तो कोरा कागद देतो. टिकटिक ऐकू यायच्या आधी शांतता यावी लागते. एका ओळीच्या वाक्यात घड्याळ शांततेच्या आधीच येऊन पोचतं.

वडगाव, खासबाग, शहापूर या भागात विणकरांच्या गल्लीतून तू कधी गेली असशील तर तुला ठाऊक असेल. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर, मधल्या पडवीत तिची आई कांड्या भरत बसलेली. वीज गेलेली, माग बंद. तरी ती बाई माझ्याशी ओरडूनच बोलत होती. 'चहा घ्या की बाई!' असं, मी हातभर अंतरावर असताना. वर्षानुवर्षांची सवय, मागाच्या वरच्या पट्टीत बोलायची. शांततेत तो आवाज इतका उघडा पडला की लेकीनं लाजून खाली बघितलं. तुझ्या मित्राची कविता वाचल्यावर मला ती पडवी आठवली. माग चालू असतो तेव्हा अशा घरातला दिवस साड्यांत मोजला जातो. बंद पडला की तासांत. घड्याळ आधीही चालूच होतं, त्याची गरज नव्हती. ही गरज आता का पडली, हे कवितेत नाही. वीज गेलीय, सूत संपलंय, की माग मोडीत काढायची वेळ आलीय? तू म्हणशील, सांगायला नको का? कथेत हवं. इथं सांगितलं असतं तर मी त्या कारणावर हळहळले असते आणि घड्याळ विसरले असते.

म्हणजे तू चुकलीस का? अर्धी. तुझं निरीक्षण बरोबर होतं, यातलं वाक्य गद्याचंच आहे. पण तू 'गद्य' हा शब्द शिवीसारखा वापरलास. जन्मभर जे लिहितेस त्याचंच नाव शिवी म्हणून? आठ कवींमध्ये बसून बसून तुलाही वाटायला लागलंय की गद्य म्हणजे खालच्या पंगतीचं. ते आधी डोक्यातून काढ.

आणि कवितेतही कच्चा माल आहे. 'तेव्हा'ला स्वतंत्र ओळ द्यायची काही गरज नव्हती. तो नुसता जोडकामाचा शब्द आहे, त्याच्यावर नजर थांबली की हाताला काही लागत नाही. काढून टाकला तरी चालेल: माग बंद पडला, घरात, घड्याळ असल्याचं कळलं. 'असल्याचं कळलं' याबद्दल माझं मन दोन्हीकडं जातं. एकदा वाटतं ही ऑफिसातली भाषा आहे, सरळ 'घड्याळ आहे' म्हणावं. मग वाटतं, आपण 'गेल्याचं कळलं' म्हणतो ना, कुणाच्या मरणाची बातमी सांगताना, तोच सूर त्याला हवा असेल. हे त्यालाच विचारायला हवं. बघ, बैठकीत बोलायला किती निघालं, आणि यातलं एकही वाक्य 'छान आहे' नाही.

कानाबद्दल थोडं. तू कविता डोळ्यांनी वाचतेस, पतसंस्थेत कर्जाचा अर्ज वाचतेस तशी, वरून खाली. गद्य तसं चालून जातं. कविता तोंडानं वाचावी लागते. लहानपणी कन्नड कशी वाचायला शिकलीस आठव. मराठी शाळेतली आपली पोरं बसवरचा बोर्ड एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत वाचतात, आणि शेवटच्या अक्षराला एकदम गावाचं नाव उमटतं. त्या वेगानं वाच. पहिल्यांदा फक्त आवाजासाठी, अर्थाला सुट्टी देऊन. मनाचे श्लोक आपल्याला अर्थ कळायच्या आधीच पाठ झाले, ते भुजंगप्रयात वृत्ताच्या चालीमुळं. ओळीत बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असं चारदा, झुल्यासारखं. अभंगाचा मोठा छंद घे. सहा, सहा, सहा अक्षरं आणि चौथा चरण चारच अक्षरांचा. दोन अक्षरं आधीच पाय थांबतो आणि कान मात्र पुढं एक पाऊल टाकून बसतो. मुक्तछंदात हे हिशेब नसतात, म्हणून तो तुला गद्य वाटतो. पण चांगला कवी तिथंही ओळ कुठं तोडायची ते कानानंच ठरवतो. वाईट कवी एंटरच्या बटणानं ठरवतो. असे वाईट खूप आहेत, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

गद्य आणि कविता यांच्यामधली भिंत किती पातळ आहे हे आपल्या भागातल्या माणसाला खरं तर कुणी सांगायला नको. कन्नडच्या तासाला बसवण्णांची, अक्कमहादेवींची वचनं तुला असतीलच. बाराव्या शतकातली. 'वचन' म्हणजे बोललेलं. ठरीव वृत्त नाही, यमकाची सक्ती नाही, घरात बोलावं तशी भाषा, आणि शेवटी ज्याचं त्याचं अंकित, म्हणजे ज्या देवाला वचन वाहिलं त्याचं नाव. बसवण्णा 'कूडलसंगमदेवा' म्हणून थांबतात, अक्का 'चेन्नमल्लिकार्जुना' म्हणून. ते गद्य की पद्य? आठशे वर्षं लोक ती म्हणतात, गातात, भांडणात तोंडावर फेकतात. तू त्यांना कधी 'ओळी मोडलेलं गद्य' म्हणाली नसशील. आणि धारवाडचे बेंद्रे घरात मराठी बोलायचे, कविता कन्नडात लिहायचे. ज्ञानपीठ मिळालं त्यांना. एका भाषेचा कान दुसऱ्या भाषेच्या कवितेत कसा मुरतो, हे आपल्याकडं पुस्तकात शोधायला जावं लागत नाही.

तुझ्या मनात कवितेची अढी बसायला आणखी एक कारण असावं असा मला संशय आहे. पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस, मी अंदाजानं बोलते, चुकलं तर सोडून दे. आपल्या सीमाभागात थंडी पडली की गावोगाव साहित्य संमेलनं होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी. ग्रंथदिंडी निघते, बायका कलश घेऊन येतात, अख्खं गाव मांडवात जेवतं. मला ही संमेलनं फार प्रिय आहेत, शहरातल्या लोकांना अशी गर्दी स्वप्नात दिसणार नाही. शेवटच्या सत्रात कविसंमेलन असतं, आणि त्यात प्रत्येकाची एक तरी सीमेवरची कविता असते. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, ते दुखणं घराघरांत आहे, ते कवितेत येणारच. पण वर्षानुवर्षं तीच मूठ, तीच मशाल, तोच 'रक्त' आणि 'भक्त'चा यमक ऐकून तुझ्यासारख्या मुलीला वाटतं की कविता म्हणजे हेच, मोठ्या आवाजात सांगितलेली आधीच ठाऊक असलेली गोष्ट. मांडवात त्या कवितेचं काम वेगळं असतं. तिथं लोकांना एका सुरात हुंकार द्यायचा असतो, तो ती देववते. तिच्यावर कवितेची अख्खी जात तोलू नकोस. याच बेळगावात इंदिरा संत राहिल्या, शिकवलं, संसार ओढला. १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'गर्भरेशीम'ला आहे. त्यांची कविता कधी आवाज चढवत नाही. कथा आणि ललितलेखही लिहिले त्यांनी. वाचनालयात जाऊन त्यांचा एखादा संग्रह घे, आणि रोज एकच कविता वाच, एकच. कथासंग्रहासारखं एका बैठकीत संपवायला जाशील तर सातव्या कवितेला जांभई येईल. ती तुझी चूक नाही, पण कवितेचीही नाही.

आणि कवितेनं सुरुवात करणं जिवावरच येत असेल तर आपल्या एकसंब्याच्या जीएंची, म्हणजे जी. ए. कुलकर्णींची, एखादी कथा काढून मधलं कुठलंही पान मोठ्यानं वाच. गोष्ट विसर, फक्त वाक्यं ऐक. गद्यात राहून त्या माणसानं किती दूरची मजल मारलीय ते कानाला कळेल.

आता तुझी कथा. पाठवलीस ते बरं केलंस, नाहीतर मी नुसतीच व्याख्यान देत बसले असते. तिसऱ्या पानावर तू लिहितेस, 'तिने पिशवी खाली ठेवली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले, कारण ती पिशवी आईने शिवलेली होती.' यातला 'कारण' मला खुपला. वाचणाऱ्यावर तुझा भरवसा नाही. वर दोन परिच्छेद आधी तूच पिशवीची शिवण उसवल्याचं आणि ती आईच्या हातची असल्याचं सांगितलंयस. पिशवी खाली ठेवली, इथं थांबली असतीस तरी मला पोचलं असतं.

पण सहाव्या पानावर, तो म्हातारा कर्जाच्या कागदावर अंगठा उठवतो तिथं: 'शाई वाळेपर्यंत तो अंगठा तसाच हवेत धरून उभा राहिला.' पोरी, हे वाक्य लिहून तू सरळ पुढं गेलीस! मी मात्र चष्मा काढून ठेवला. त्याचा मुलगा, रान, व्याजाचा दर सगळं नंतर येतं, पण अख्खं कर्ज त्या हवेतल्या अंगठ्यात आहे. तुला 'मग?' म्हणावंसं वाटलं का तिथं? मला नाही वाटलं. हे कुठून आलं? काउंटरच्या अलीकडं बसून रोज बघतेस तिथून. वडगावच्या मुलानं घड्याळ ऐकलं तेही तसंच, घरात बसून. तो चार ओळींत थांबला आणि तू अकरा पानं चाललीस, एवढाच काय तो तुमच्यातला फरक.

बैठकीत पहिल्यांदा बोलायचं म्हणून भाषण तयार करून नेऊ नकोस. कविता वाचून झाली की आधी म्हण, 'परत एकदा वाचा.' कवीला यापेक्षा मोठा मान नाही, आणि तुलाही श्वास घ्यायला वेळ मिळतो. मग कुठं थांबलीस ते सांग, या शब्दापाशी मी अडखळले, ही ओळ मला ऐकू आली, इथं मला चित्र दिसेनासं झालं. 'अर्थ लागला नाही' म्हणायलाही हरकत नाही, फक्त कुठल्या ओळीपासून सुटला ते सांग. तो धागा कवीला हवा असतो. अलंकारांची नावं घेऊ नकोस, ती माझ्यासारख्या मास्तरणींसाठी सोड. आणि एखादी कविता खरंच पोकळ वाटली तर तसं सांग, पण कुठं वाजतं ते दाखवून सांग. कुंभार मडकं टिचकी मारून बघतो तसं. टिचकी मारायची, दगड नाही.

राहिला तो वडगावचा. मला वाटतं त्याला 'गद्य' शब्दाचा राग आलेला नाही. त्यानं घरातली गोष्ट बाहेर काढली होती, आणि तू तिच्या ओळी मोजल्यास. माफीबिफीचा मोठा कार्यक्रम नको, तो आणखी अवघडेल. बैठकीच्या आधी अर्धा तास जा, चहाच्या टपरीवर गाठ आणि सांग, की त्या रविवारी मी कविता नीट ऐकली नव्हती, पुन्हा म्हणून दाखव. तो म्हणत असताना मध्ये बोलू नकोस. झाल्यावर 'तेव्हा'बद्दलचं माझं मत हवं तर माझ्या नावावर सांग, शिव्या मला बसू देत.

माग का बंद पडला हे तुला विचारावंसं वाटणारच, जिभेवर येऊन बसेल. विचार. पण कवितेवर बोलणं संपल्यावर, चहाचे पैसे देताना. ती गोष्ट त्यानं लिहिलेली नाही, आणि तुला लिहावीशी वाटली तर आधी त्याची परवानगी घे.